वाचकांचे प्रश्न : जूनमधला बर्फ, नाताळची भेटकार्डे आणि सिमला ऑफिस

गेल्या अंकात इंग्लंडमधील शेफिल्ड शहरातल्या माझ्या वास्तव्याविषयी आणि तिथे १९७४ पासून २०११ पर्यंत ठेवलेल्या हवामानाच्या रोजनिशीविषयी दोन पाने लिहिली होती. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पोलादाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत नोकरी केली आणि परसातला एक पर्जन्यमापक, एक कमाल-किमान तापमापक व शाळकरी मुलाची एक लाकडी फूटपट्टी एवढ्या भांडवलावर हा छंद सांभाळला. निवृत्तीनंतर पुण्यात परत येताना अडतीस वह्या सोबत आणल्या. या महिन्यात आलेली पत्रे वाचताना त्या पुन्हा उघडल्या, आणि माझ्याच काही आठवणी चुकीच्या निघाल्या, हे आधीच कबूल करतो. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

जून महिन्यात बर्फ पडून क्रिकेटचा सामना थांबला, असे आपण ओझरते लिहिले आहे. माझे वडीलही ही गोष्ट सांगत. परंतु सांगताना त्यांनाच ती थाप वाटत असे. नेमके काय घडले होते? — एक वाचक, कोथरूड

थाप मुळीच नाही. २ जून १९७५, सोमवार. डर्बीशर परगण्यातील बक्स्टन या डोंगरावरच्या गावी डर्बीशर आणि लँकेशर यांचा सामना चालू होता. शनिवारी लँकेशरने ५ बाद ४७७ धावांवर डाव घोषित केला होता आणि त्यात क्लाइव्ह लॉइड यांच्या नाबाद १६७ धावा होत्या. सोमवारी मैदानावर सुमारे इंचभर बर्फ साचला आणि दिवसभराचा खेळ रद्द करावा लागला. पंचांपैकी एक डिकी बर्ड होते. पुढे आयुष्यभर त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. खरी गंमत मंगळवारी झाली. त्या काळी खेळपट्टी झाकून ठेवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे वितळलेल्या बर्फाचे पाणी प्यालेल्या आणि वरून उन्हाने सुकू लागलेल्या खेळपट्टीवर डर्बीशरचा संघ ४२ आणि ८७ धावांत दोनदा बाद झाला आणि एक डाव ३४८ धावांनी हरला.

बक्स्टनपासून शेफिल्ड रस्त्याने चाळीसेक किलोमीटरवर आहे. माझा तो इंग्लंडमधला पहिलाच जून होता. पुण्याहून वडिलांचे पत्र आले होते की मृगाची वाट पाहत आहोत, आणि मी लोकरी गळपट्टा गुंडाळून कामावर निघालो होतो. त्या दिवसाच्या पानावर माझ्या अक्षरात अशी नोंद आहे : ‘सकाळी ११. पावसात पांढरे तुकडे?’ ते प्रश्नचिन्ह घालण्याचे कारण असे, की प्रयोगशाळेतील सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की भारतातून आलेल्या या माणसाला बर्फ आणि कापसाचा भुगा यांतला फरक कळत नसावा. संध्याकाळच्या बातम्या ऐकल्यावर मी प्रश्नचिन्हावर काट मारली. अजूनही काटेखाली ते दिसते.

त्यामागचे कारण साधे होते. आर्क्टिककडून थेट उत्तरेचे वारे एखाद-दोन दिवस ब्रिटनवर उतरले, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरच्या बक्स्टनला जोराच्या सरींमध्ये हवा बर्फ टिकण्याइतकी थंड झाली. शहरात मात्र आमच्याकडे जमिनीला काहीच चिकटले नाही. नंतर वारा पडला आणि पाच दिवसांनी, ७ जूनला, लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला तेव्हा हवा कोरडी आणि उबदार होती. याच सामन्यात गावसकरांनी साठ षटके खेळून नाबाद ३६ धावा केल्या. आमच्या पिढीतील काही मंडळी अजूनही त्या खेळीचे खापर इंग्लंडच्या थंडीवर फोडतात. रोजनिशीचा त्याला पाठिंबा नाही.

माझा मुलगा चार वर्षांपासून लीड्सला आहे. तो म्हणतो की तिथे बर्फ फारसा पडतच नाही, नुसता पाऊस आणि अंधार. मग नाताळच्या प्रत्येक भेटकार्डावर घरांच्या छपरांवर बर्फ कसा असतो? — एक वाचक भगिनी, सदाशिव पेठ

आपले चिरंजीव खरे सांगत आहेत. पुण्यातला श्रावण घ्यावा, त्यातला हिरवा रंग आणि मधूनच पडणारे ऊन काढून टाकावे, तापमान सहा अंशांवर आणावे आणि दुपारी पावणेचारला दिवे लावावेत. इंग्लंडमधला बहुतेक डिसेंबर असा असतो. आश्चर्य वाटेल, पण लंडनचा वर्षाचा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर आहे, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. फरक एवढाच, की आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि त्यांचा वर्षभर रेंगाळतो.

भेटकार्डावरच्या बर्फाला दोन-तीन कारणे सांगतात. चार्ल्स डिकन्स यांचा जन्म १८१२ चा, आणि त्यांच्या बालपणीचे दशक इंग्लंडच्या दृष्टीने विलक्षण थंड होते. १८१४ च्या फेब्रुवारीत लंडनला थेम्स नदी गोठली आणि तिच्यावर शेवटची हिमजत्रा भरली. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ च्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. लहानपणी पाहिलेला नाताळ लेखणीतून उतरला आणि तिथून कार्डावर गेला. दुसरे कारण पंचांगाचे. १७५२ मध्ये ब्रिटनने नवी कालगणना स्वीकारताना सप्टेंबरमधले अकरा दिवस वगळले, त्यामुळे २५ डिसेंबर ही तारीख ऋतुमानाने अकरा दिवस अलीकडे सरकली. आणि तिथे बर्फाचा खरा काळ जानेवारी-फेब्रुवारी आहे, डिसेंबर नव्हे. नाताळापेक्षा ईस्टरला, म्हणजे आपल्या होळी-पाडव्याच्या सुमारास, बर्फ दिसण्याची शक्यता अधिक, असे तिथले हवामान खातेच सांगते.

त्या खात्याची ‘पांढऱ्या नाताळा’ची व्याख्याही मोठी उदार आहे. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत कुठे तरी हिमाचा एक कण पडताना दिसला, तरी पुरे. जमिनीवर सर्वदूर बर्फ पसरलेला नाताळ मात्र १९६० नंतर मोजून चार वेळा आला : १९८१, १९९५, २००९ आणि २०१०.

यावरून आमच्या घरात एकदा वाद झाला होता. माझी मुलगी १९७७ ची. तिच्या स्मरणात तिच्या लहानपणीचा प्रत्येक नाताळ पांढरा आहे. परसात बर्फाचा माणूस, त्याला नाकाच्या जागी गाजर आणि गळ्यात माझा तो गळपट्टा. मलाही तसेच आठवत होते. वह्या काढून बसलो तर १९८१ चा नाताळ खरोखर तसाच निघाला. त्या वर्षी डिसेंबरभर कडाक्याची थंडी होती आणि १३ तारखेच्या हिमवादळात खुद्द राणीला रस्त्यात एका हॉटेलात थांबावे लागले होते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नाताळांच्या पानांवर मात्र ‘झिमझिम, ८ अंश’, ‘ढगाळ, ९ अंश’, ‘जोराचा वारा, पाऊस ११ मि.मी.’ अशाच नोंदी आहेत. चार वर्षांच्या मुलीने एक नाताळ पाहिला आणि तो सगळ्या वर्षांना पुरवला. मी तर तेहेतीस-चौतीस वर्षांचा होतो, मला तसे करायचे काहीच कारण नव्हते.

ब्रिटन इतके उत्तरेला असूनही तिथे बर्फ कमी का पडतो? आणि तापमापक ३-४ अंश दाखवत असताना बर्फ पडला, असे आपल्या लेखात आहे. पाणी तर शून्याला गोठते. — एक विद्यार्थी, शिवाजीनगर

लंडन साधारण साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे आणि सैबेरियातील इर्कुत्स्क बावन्नच्या जवळपास. इर्कुत्स्कला हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्या घरात असतो. ब्रिटन त्यातून वाचते, कारण त्याच्या चारही बाजूंना समुद्र आहे, त्या समुद्राला दक्षिणेकडून उबदार पाण्याचा प्रवाह येऊन मिळतो आणि वारे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, म्हणजे त्याच उबदार पाण्यावरून येतात. बर्फासाठी वाऱ्याने दिशा बदलावी लागते. तो उत्तरेकडून किंवा रशियाच्या बाजूने पूर्वेकडून यावा लागतो, आणि तेव्हाही पाऊस की बर्फ हा निर्णय एखाद्या अंशावर अडलेला असतो.

३-४ अंशांवर बर्फ कसा टिकतो, याचे उत्तर आपल्या घरातल्या माठात आहे. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होताना उष्णता घेते म्हणून आतले पाणी गार होते. तसेच हिमाचे कण कोरड्या हवेतून खाली येताना काही अंशी वाफ होतात, आणि भोवतालच्या हवेला व स्वतःलाही थंड करत येतात. शिवाय वितळण्यासाठीही उष्णता लागतेच आणि ती त्याच हवेतून घेतली जाते, त्यामुळे जोराची सर बराच वेळ टिकली की तिच्यातली हवा हळूहळू शून्याकडे ओढली जाते. पाऊस म्हणून सुरू झालेली दुपार चार वाजता बर्फ होऊन बसते, ती यामुळे. हवा दमट असली आणि सर हलकी असली तर याच तापमानाला साधा पाऊस पडतो.

उंचीचाही प्रश्न आहेच. शंभर मीटर चढले की तापमान साधारण अर्धा ते पाऊण अंश उतरते. पुण्याहून सिंहगडावर गेलेल्या कोणालाही हे अंगाने ठाऊक आहे. शेफिल्ड डोंगरउतारांवर वसलेले आहे. खाली स्टेशनाजवळ पाऊस पडत असताना वरच्या वस्तीतून उतरणाऱ्या बसच्या टपावर चार बोटे बर्फ दिसला, की आम्ही छत्री मिटून टोपी काढायचो. दूरदर्शनवरच्या अंदाजापेक्षा माझा त्या टपावर अधिक भरवसा होता.

या प्रश्नाचा एक धागा आपल्या शहरापर्यंत येतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. सर गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज आधी बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे जमवले आणि हाताखालच्या कारकुनांकडून प्रचंड हिशेब करून घेतले. त्यातून पॅसिफिकमधले ‘दक्षिणी आंदोलन’ हाती लागले. एल निनोच्या बातम्यांमुळे आज तो शब्द आपल्या शेतकऱ्यांनाही अपरिचित नाही. त्याच आकड्यांतून त्यांना दुसरेही एक आंदोलन दिसले, ते उत्तर अटलांटिकचे. आइसलँडजवळ हवेचा दाब कमी आणि अझोर्स बेटांजवळ जास्त, असा फरक मोठा असेल तर पश्चिमेचे वारे जोरात वाहतात आणि ब्रिटनचा हिवाळा ओला व उबदार जातो. तो फरक कमी झाला किंवा उलटला, तर पूर्वेच्या वाऱ्यांना वाट मिळते आणि थंडी येते. २००९-१० चा हिवाळा आणि २०१० चा डिसेंबर हे दुसऱ्या प्रकारचे होते. म्हणजे आपला पाऊस शोधायला निघालेल्या माणसाला वाटेत त्याच्याच देशाचा बर्फ सापडला. वॉकर यांचे कार्यालय तेव्हा सिमल्याला होते. ते १९२८ मध्ये पुण्यात आले आणि वास्तूला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. तुम्ही शिवाजीनगरला राहता, तेव्हा त्या चौकातून रोजच जात असाल.

१९४७ चा हिवाळा भयंकर की १९६३ चा? — एक निवृत्त अभियंता, निगडी

हे दोन्ही मी पाहिलेले नाहीत. परंतु आमच्या शेजारी खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा राहत, आणि त्यांच्यासमोर थंडीची तक्रार केली की या दोन सालांपैकी एक तोंडावर फेकले जाई. त्यांचे मत ४७ ला होते. आकडे ६३ च्या बाजूने आहेत.

मध्य इंग्लंडच्या तापमानाची मासिक मालिका १६५९ पासून उपलब्ध आहे. गॉर्डन मॅन्ली या अभ्यासकाने जुन्या रोजनिश्यांमधून ती मोठ्या कष्टाने जुळवली. तिच्यानुसार १९६२-६३ चा हिवाळा १७४० नंतरचा सर्वांत थंड ठरतो. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला, वर्षअखेरीस नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये हिमवादळ झाले आणि जानेवारीचे सरासरी तापमान उणे २.१ अंशांवर गेले. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे येथे समुद्र गोठला. फुटबॉलचे सामने इतके पुढे ढकलले गेले, की त्यांच्या निकालांवर पैसे लावणाऱ्यांसाठी ‘सामना झाला असता तर निकाल काय लागला असता’ हे ठरवणारी एक समितीच नेमली गेली. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे चालले.

१९४७ ची थंडी आकड्यांत थोडी कमी भरते. पण युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, अन्नधान्याचे रेशनिंग चालू असलेल्या देशावर ती आली. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. खाणींच्या तोंडाशी कोळशाचे ढीग गोठून बसले, रेल्वेचे डबे जागीच अडकले, वीजकेंद्रे बंद पडू लागली. घरांची वीज दिवसातले काही तास तोडली जाई. नियतकालिकांची छपाई काही काळ थांबवली गेली, हे या मासिकाच्या संपादकांच्या माहितीसाठी. फेब्रुवारीत लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तीन आठवडे सूर्याचे दर्शन झाले नाही. मार्चमध्ये वारा फिरला आणि गोठलेल्या जमिनीवरून वितळलेले सगळे पाणी एकदम नद्यांत गेले, तेव्हा पूरही आले. आजोबा सांगत की त्यांच्या आईने शेवटी जिन्याचा कठडा चुलीत घातला.

त्याच फेब्रुवारीच्या २० तारखेला पंतप्रधान ॲटली यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केले, की जून १९४८ पूर्वी ब्रिटन भारतातली सत्ता सोडेल. या निर्णयामागची कारणे इतिहासकारांनी पुरेशी लिहिली आहेत आणि त्यांत बर्फ घुसडण्याचा माझा विचार नाही. मात्र निवेदन देणारे आणि ऐकणारे सगळेजण ज्या काळोख्या, गारठलेल्या शहरात बसले होते ते डोळ्यांपुढे आणले, की शाळेत पाठ केलेली ती तारीख मला वेगळी दिसते.

दोन इंच बर्फ पडला की लंडन ठप्प होते, असे वाचतो. इतक्या प्रगत देशाला हे शोभते का? — एक वाचक, हडपसर

कॅनडात लागणारी यंत्रे आणि टायर वर्षातल्या चार दिवसांसाठी बाळगायचे की नाही, हा हिशेब आहे. ब्रिटनने तो ‘नाही’ असा सोडवलेला दिसतो. रस्त्यांवर चेशर परगण्यातल्या खाणीतले तपकिरी मीठ टाकतात आणि बरेचसे त्यावर भागते. २ फेब्रुवारी २००९ रोजी ते भागले नाही आणि लंडनच्या सगळ्या बस बंद ठेवाव्या लागल्या. १९९१ च्या फेब्रुवारीत तर पिठासारखा कोरडा, बारीक बर्फ रेल्वेच्या विजेच्या मोटारींत शिरला, आणि रेल्वेच्या अधिकाऱ्याने दिलेल्या खुलाशाचे वृत्तपत्रांनी ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ असे नामकरण केले. लोक त्याला वर्षानुवर्षे हसले. खरे तर तो माणूस बरोबर बोलत होता, कारण तिथला नेहमीचा बर्फ ओला आणि जड असतो. पहिल्या वळवाला आपल्या हडपसरची वीज किती वेळ टिकते, ते मी विचारत नाही.

मी मूळचा इंदापूरचा. १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. इंग्लंडमध्येही दुष्काळ पडला होता, असे आपण म्हणता, तेव्हा हसू येते. — एक वाचक, सिंहगड रस्ता

हसण्याचा आपला अधिकार मान्य आहे. बहात्तरचा दुष्काळ मीही पाहिला आहे आणि सुकडीची रांग विसरलेलो नाही. त्यामुळे १९७६ मध्ये शेफिल्डच्या शेजाऱ्यांना हिरवळ पिवळी पडल्याचे दुःख करताना पाहून मलाही आधी हसूच आले होते. तरी त्यांच्या मानाने ते संकट मोठे होते. १९७५ च्या मे महिन्यापासून पुढचे सोळा महिने पाऊस कमी पडला. मग २३ जून ते ७ जुलै १९७६ असे सलग पंधरा दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे पारा ३२ अंशांच्या वर गेला. ३ जुलैला चेल्टनहॅमला ३५.९ अंश नोंदले गेले. आपल्याकडे एप्रिलमध्ये एवढ्याला कोणी पंखाही वाढवत नाही, परंतु तिथली घरे उष्णता धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात आणि आमच्या माळ्यावरच्या खोलीत रात्री झोपणे अशक्य झाले होते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले लेडीबर्ड किडे थव्यांनी आले आणि तहानेपोटी माणसांच्या घामालाही डसू लागले. काही भागांत घरचे नळ बंद करून रस्त्यावरच्या सार्वजनिक नळांवर बादल्या लावाव्या लागल्या. गोरे लोक बादल्या घेऊन रांगेत उभे असल्याचे छायाचित्र मी वर्तमानपत्रातून कापून वडिलांना पाठवले होते.

ऑगस्टअखेर सरकारने डेनिस हॉवेल या मंत्र्यांवर दुष्काळाची जबाबदारी सोपवली आणि काही दिवसांतच धो धो पाऊस सुरू झाला. पर्जन्यसूक्तापेक्षा हा उपाय स्वस्त पडला. पुढे १९७८-७९ च्या कडक हिवाळ्यात याच गृहस्थांना बर्फाचे मंत्री नेमले. ३५.९ चा तो आकडा आम्हाला त्या वेळी कमाल वाटत होता. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ नोंदले गेले, ते मी पुण्यात बसून वाचले, आणि त्या दिवशी पुण्यात पावसाळी गारवा होता.

आजोबा सांगत की त्यांच्या तरुणपणी पुण्यात बर्फ पडला होता. शक्य आहे का? — एक वाचक, कॅम्प

आजोबांनी पाहिली ती गारपीट असावी. मोठ्या गारपिटीनंतर अंगण पांढरे होते आणि गारांचा थर काही वेळ टिकतो. गार उन्हाळी गडगडाटी ढगात तयार होते, तिला जमिनीवर थंडी लागत नाही, हिमाला लागते. पुण्याचे आजवरचे नीचांकी तापमान जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश नोंदले गेले आणि तेव्हाही आकाशातून हिम पडले नव्हते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात कधीकधी गवतावर जे पांढरे दिसते, ते गोठलेले दव. ते खालीच तयार होते, वरून पडत नाही. तरी आजोबांना हे सांगायला जाऊ नये.

पडलेला बर्फ मोजतात कसा? आणि पुण्यात मला अशी रोजनिशी सुरू करायची असेल, तर काय लागेल? — एक वाचक, सहकारनगर

बर्फाची जाडी मोजायला सपाट, उघडी, वाऱ्याने ढीग न होणारी जागा निवडून फूटपट्टी उभी खुपसायची आणि तीन-चार ठिकाणच्या आकड्यांची सरासरी घ्यायची. माझी पट्टी ३० सेंटिमीटरची होती. १ डिसेंबर २०१० च्या सकाळी दार आतल्या बाजूला उघडले तेव्हा चौकटीत दाराच्या फळ्यांचा ठसा असलेली बर्फाची भिंत उभी होती. परसात पट्टी खुपसली तर ती पूर्ण आत गेली, वर बर्फ उरला आणि पट्टी शोधायला मला बाहीपर्यंत हात घालावा लागला. छत्तीस वर्षांत असे एकदाच झाले. नोंद ‘३० पेक्षा जास्त’ अशी आहे. किती जास्त, ते लिहायला लागणारी लांब पट्टी मी दुसऱ्या दिवशी विकत आणली आणि तिचा उपयोग पुन्हा कधीच झाला नाही.

बर्फातले पाणी मोजणे अधिक किचकट. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात बर्फ साचून राहतो, म्हणून तो घरात आणून त्यात मोजून घेतलेले कोमट पाणी ओतायचे, सगळे वितळले की पुन्हा मोजायचे आणि ओतलेले वजा करायचे. ढोबळ मानाने एक सेंटिमीटर ताज्या बर्फातून एक मिलिमीटर पाणी निघते. ओला असेल तर अधिक, पिठासारखा असेल तर कमी. हे सगळे सकाळी स्वयंपाकघरात, चहाच्या वेळेला, चहाच्याच किटलीतल्या पाण्याने चाले. पत्नीने एकदा ते पातेले शेगडीवरून उचलून दाराबाहेर ठेवले आणि ती नोंद त्या दिवशी कोरी राहिली.

पुण्यात यातले काहीच करावे लागणार नाही. एक साधा पर्जन्यमापक आणि एक वही पुरे. ब्रिटनमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० मध्ये १६८ ठिकाणच्या नोंदी घेऊन पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचे जाळे उभारले. १९०० मध्ये ते वारले तेव्हा अशी ठिकाणे तीन हजारांवर गेली होती. नोंदी ठेवणाऱ्यांत पाद्री, डॉक्टर, जमीनदार आणि शाळामास्तर होते. आपल्याकडे सकाळी साडेआठला मोजण्याची वेधशाळेची पद्धत आहे, तीच वेळ धरावी. मापक झाडाखाली किंवा भिंतीलगत ठेवू नये. आडोशाची वस्तू जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहावे, कारण कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की आपण गावाला गेलो होतो, हे पाच वर्षांनी कळत नाही. ओलावा दिसला पण मोजण्याइतका नव्हता, तर ‘अल्प’ लिहावे.

गच्ची हाच एकमेव पर्याय असेल तर कठड्यापासून मधोमध ठेवावा आणि नरसाळे रोज पाहावे. गेल्या जूनमध्ये माझ्या मापकात सलग तीन दिवस शून्य निघाले, रस्त्यावर पाणी वाहत असताना. चौथ्या दिवशी वर जाऊन पाहिले तर पारव्यांनी नरसाळ्यात काटक्या, दोन तारांचे तुकडे आणि एक अंडे ठेवले होते. ती तीन शून्ये खोडून मी समोर कारण लिहिले आहे, आणि अंडे उबेपर्यंत शेजारच्या इमारतीतल्या मित्राचे आकडे वापरले.